न्हाणीपासून जेलपर्यंत : कुरळ्या केसांची चाळीस वर्षं

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचे तालुके. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. पौषात हीच हवा कोरडी पडते आणि ओठ फुटतात. अशा हवेत सरळ केस कसेबसे निभावून नेतात, कुरळ्यांचे मात्र हाल होतात. गेल्या चाळीसेक वर्षांत इथल्या बायकांनी आपल्या कुरळ्या केसांचं काय काय केलं हे आठवू लागलं, की एक गोष्ट लख्ख दिसते. या केसांना सगळ्यात जास्त गरज ओलाव्याची होती, आणि बराच काळ आपण त्यांना ओलावा सोडून बाकी सगळं दिलं.

आधी हे केस कोरडे का पडतात ते पाहू. टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळतं. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडतं, त्यामुळे मुळं तेलकट आणि टोकं रुक्ष राहतात. केसावर सूक्ष्म खवल्यांचं आवरण असतं, कौलारू छपरावर कौलं बसवावीत तसं एकावर एक बसलेलं. वळणांवर हे खवले थोडे उचललेले राहतात. तिथून आतली ओल निसटते आणि पावसाळ्यात बाहेरची वाफ आत शिरते. वाफ शिरली की केस फुगतो, कारण आतले हायड्रोजनचे बंध पाण्याने तुटतात आणि वाळताना वाटेल तसे पुन्हा जुळतात. म्हणजे थंडीतला राठपणा आणि श्रावणातलं पिंजारलेलं डोकं या दोन्हींचं मूळ एकच, ओल धरून ठेवू न शकणारा केस.

ऐंशीच्या दशकात इकडच्या घरांत केसांचा दिवस म्हणजे रविवार. आदल्या रात्री खोबरेल चोळायचं, सकाळी बंबातल्या पाण्याने न्हायचं. शिकेकाई, रिठा, नागरमोथा, आवळकाठी कुटून ठेवलेली असायची. शिकेकाईचा काटेरी वेल इथल्याच रानातला, माका भाताच्या बांधावर उगवणारा आणि जास्वंद दारातली. जास्वंदीची पानं पाण्यात चुरगळली की बुळबुळीत चीक सुटतो. तो केसांना लावला की गुंता अलगद सुटतो. आज बाटलीत मिळणारा कंडिशनर जे करतो, त्यातलं बरंचसं काम हा चीक करत होता.

शिकेकाईचाही एक मोठा गुण होता. साबण अल्कधर्मी असतो, त्याने केसांवरचे खवले उघडतात. बोअरवेलच्या जड पाण्यात त्याचा पांढरा थर केसांवर बसतो तो वेगळाच. शिकेकाई सौम्य आम्लधर्मी असते. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे मळ निघतो आणि जड पाण्यातही थर बसत नाही. तरी तिचं सगळंच गोड होतं असं नाही. नीट गाळली नाही तर तिचा भुगा वळणांत अडकून राहायचा. दाट काढ्याने केस खरखरीत व्हायचे.

न्हाण्यानंतरची रीत मात्र कुरळ्या केसांच्या मुळावर येणारी होती. खरखरीत पंच्याने केस खसाखसा पुसायचे, उन्हात पाठ करून कडक वाळवायचे, मग बारीक दातांच्या फणीने वरून खाली ओढायचे. सरळ केसांना हे चालून जातं. कुरळे केस तुटतात, वळणं मोडतात आणि सगळं डोकं पिंजतं. मग ते बसवायला चप्प तेल आणि शाळेच्या लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या. मुलीचे केस कुरळे आहेत हे तिचं तिलाच कळू नये, अशी ती सगळी व्यवस्था होती.

पुढचं वळण पुडीने आणलं. शाम्पू भारतात साठच्या दशकातही मिळत होता. सनसिल्क १९६४ सालचा. पण तो बाटलीतला, शहरातला आणि महाग. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नीकृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू सुरू केला. नव्वदच्या दशकात या पुड्यांच्या माळा नेरळपासून खोपोलीपर्यंत प्रत्येक वाण्याच्या दुकानात लोंबू लागल्या. कुटणं, उकळणं, गाळणं यातून बायकांची सुटका झाली आणि ती खरोखरच मोठी सोय होती. पहाटेची लोकल पकडून ठाण्या-मुंबईला नोकरीला जाणारीला शिकेकाई उकळायला वेळ कुठून असणार?

पण त्या शाम्पूतले सल्फेट मळाबरोबर केसांवरचं होतं नव्हतं ते तेलही धुऊन नेत. त्याची भरपाई करणारा कंडिशनर मात्र गावापर्यंत यायला पुढची कित्येक वर्षं लागली. धुणं नवं आलं आणि ओल देणारी जास्वंद मागे पडली. कुरळे केस खरे बिघडले ते याच काळात. त्याचं खापर फुटलं केसांच्या जातीवर.

खोबरेलाचं काय? आजीच्या तेलाला प्रयोगशाळेने दुजोरा दिला तो मुंबईतूनच. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. केसांतल्या प्रथिनांची झीज कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरू शकतो. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते हे वाचकाने ध्यानात ठेवावं. पण न्हाण्याआधी तेल लावण्याची आपली रीत शास्त्राला धरून होती, एवढं यातून कळतं. एक फरक मात्र समजून घ्यायला हवा. तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा पाण्याचा, तेल फक्त तो अडवून ठेवतं. कोरड्या ठाक केसांवर तेल चोपडलं तर केस तेलकट आणि कोरडे, दोन्ही एकदम होतात.

दोन हजारनंतरची दहा-पंधरा वर्षं सरळ केसांची. स्मूदनिंग, रिबॉण्डिंग, मग केरॅटिन. कल्याण-पनवेलच्या पार्लरमध्ये चार-पाच तास बसून हजारो रुपये मोजले जात, बरेचदा लग्न ठरलं म्हणून. रिबॉण्डिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, तापत्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि त्याच स्थितीत बंध पुन्हा जोडतात. मुळाशी नवा केस येतो तो कुरळाच. मग सहा महिन्यांत वर कुरळे, खाली सरळ, आणि दोन्हींच्या सांध्यावर तुटणारे केस. केस सरळ करण्याच्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसासाठी कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला ते पुरेसं आहे.

वारं फिरलं ते २०१५ नंतर. २०१६ मध्ये अभिनेत्री मिथिला पालकरने कपाच्या तालावर ‘ही चाल तुरु तुरु’ गायलं आणि ते घरोघर पोचलं. तिचे मोकळे कुरळे केस तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढच्या वर्षी ‘मुरांबा’ चित्रपटात ती नायिका झाली, त्याच केसांनी. एखाद्या मराठी मुलीला आरशासमोर उभं राहून ‘माझे केस असेच आहेत’ म्हणायला असं उदाहरण लागतं.

असे केस सांभाळण्याची रीत मात्र बाहेरून आली. न्यूयॉर्कच्या लॉरेन मॅसी यांचं ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक २००१ चं. सल्फेट टाळा, कंडिशनर भरपूर वापरा, कोरडे केस विंचरू नका, उष्णता देऊ नका, हे त्याचं सार. त्याहून खोल ज्ञान कृष्णवर्णीय स्त्रियांचं. आधी पाणी, मग तेल, वर क्रीम असा थरांचा क्रम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसवला. त्यांच्यासाठी केसांचा प्रश्न नोकरी-शाळेतल्या भेदभावाचाही होता. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांवरून भेदभाव करण्याला कायद्याने बंदी केली. या स्त्रियांची जाड, लोण्यासारखी क्रीमं मात्र आपल्याकडच्या बऱ्याच केसांना जड होतात. इकडे बहुतेकींचे केस लहरींपासून सैल वळणांपर्यंतचे असतात, ते अशा ओझ्याने चपटतात.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत लोकल थांबली, पार्लर बंद झाली. कित्येकींच्या डोक्यावर खूप वर्षांनी स्वतःचे मूळ केस वाढले. उघड्या दारातला लोकलचा वारा नाही, घाईघाईचा ड्रायर नाही. पूर्वी चांगल्या कंडिशनरसाठी दादर गाठावं लागे, आता कुरियरवाला कडाव-कशेळ्यासारख्या गावांपर्यंत येऊ लागला.

या सगळ्यातून कर्जतच्या हवेला साजेशी रीत हळूहळू बसत गेली. न्हाण्याआधी अर्धा तास हलकं खोबरेल. सौम्य शाम्पू फक्त टाळूला. कंडिशनर लांबीला, आणि तो केसांत असतानाच बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर जात गुंता सोडवायचा. केस निथळत असतानाच जेल लावायचं. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्याने खालून वर दाबत पाणी टिपायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

जेल घरच्या घरी करता येतं. पाव वाटी अळशी दोन वाट्या पाण्यात उकळायची, पाणी तार धरू लागलं की गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. केसांवर त्याचा पातळ थर बसतो, आतली ओल आत आणि बाहेरची वाफ बाहेर राहते. आषाढ-श्रावणात हाच थर कामाला येतो. त्या दिवसांत ग्लिसरीन जास्त असलेलं क्रीम टाळावं, कारण ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून केस फुगवतं. कोरड्या हवेत तेच ग्लिसरीन केसातली ओल ओढून घेतं, म्हणून पौष-माघातही ते बेतानेच आणि वरून तेलाचे दोन थेंब. भातशेतीच्या या तालुक्यांत तांदळाचं धुवणही पुष्कळजणी लावतात. त्यातल्या स्टार्चने केसांना आधार मिळतो, पण वरचेवर लावलं तर ते ताठ होतात. महिन्यातून एकदा पुरे.

आणि पाणी. घाटावरून टाटांच्या भिवपुरी आणि खोपोली वीजकेंद्रांत उतरून उल्हास आणि पाताळगंगेला मिळणारं पाणी मूळचं पावसाचं, त्यात क्षार कमी. नव्या गृहसंकुलांत मात्र बोअर आणि टँकर आले, आणि नळाच्या तोंडाशी पांढरे डाग दिसू लागले. तेच क्षार केसांवर बसतात आणि मग कितीही महाग कंडिशनर लावला तरी तो वरवरच राहतो. अशा घरांत महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरावा, आणि शेवटचा तांब्या क्षार काढलेल्या पाण्याचा घ्यावा. पावसाळ्यात पागोळ्यांचं स्वच्छ पाणी त्याहून उत्तम.

चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर जुन्यातलं तेल आणि जास्वंद ठेवावी, नव्यातला कंडिशनर आणि ओल्या केसांतलं विंचरणं घ्यावं, आणि सरळ करण्याचा सोस सोडावा. ज्यांच्या घरी कुरळ्या केसांची लेक आहे त्या आयांना एवढंच सांगणं आहे: तिच्या डोक्याला झाडू किंवा टोपलं म्हणू नका. तिचे केस कोरडेपणी ओढू नका. पाणी, कंडिशनर आणि थोडा वेळ द्या. बाकीचं वळण तिचे केस स्वतःच धरतील.