पुली हलकी झाली, पण इंजिनाचं काय?

अमेरिकेत सोळा वर्षं पूर्ण झाली की मुलांच्या हातात लायसन्स येतं आणि बऱ्याच मराठी घरांच्या ड्राइव्हवेमध्ये एक जुनी होंडा, टोयोटा नाहीतर माझदा येऊन उभी राहते. मग सुरू होते गाडी 'सजवायची' हौस. आधी चाकं, मग एक्झॉस्ट आणि मग एक दिवस दारात एक छोटासा पण किमती खोका येतो. आत असते लाल किंवा निळ्या रंगाची, ॲल्युमिनियमची, चकचकीत क्रँक पुली. किंमत साधारण दीड-दोनशे डॉलर. 'ही लावली की गाडी पळते बघा,' असं मुलगा सांगतो. 'ही लावलीस तर क्रँक मोडेल,' असं मेकॅनिक सांगतो. आईवडिलांनी कोणाचं ऐकायचं?

खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. उत्तर गाडीगणिक बदलतं आणि ते एकाच प्रश्नावर ठरतं. आपण जी पुली काढून टाकतोय ती नुसती पुली आहे, की पुलीच्या रूपातला डॅम्पर?

क्रँकशाफ्ट पिळला जातो

इंजिनाचा क्रँकशाफ्ट म्हणजे पोलादाचा किंवा ओतीव लोखंडाचा जाडजूड दांडा. तो वाकेल-पिळेल असं पाहून वाटत नाही. पण प्रत्येक सिलिंडरमध्ये स्फोट झाला की त्या जागी दांड्याला जोराचा धक्का बसतो. एका टोकाला जड फ्लायव्हील असतं, ते सहजासहजी हलत नाही. मग ओला टॉवेल पिळावा तसा दांडा किंचित पिळला जातो आणि लगेच उलटा सुटतो. हे पिळणं एका अंशाहूनही कमी असतं, पण त्याची संख्या बघा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २०० स्फोट होतात. सहा सिलिंडर असतील तर ३००.

झोपाळ्याला त्याच्या लयीत झोके दिले की तो उंच उंच जातो. तसंच क्रँकशाफ्टलाही स्वतःची एक लय असते. इंजिनाच्या ठरावीक वेगाला स्फोटांचे धक्के त्या लयीशी जुळले की पीळ वाढत जातो. चालकाला स्टिअरिंगवर किंवा सीटखाली यातलं काहीच जाणवत नाही. ही थरथर गाडीची नसते, दांड्याच्या आतल्या आत असते.

हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सहा सिलिंडरची इंजिनं आली, तेव्हा त्यांचे लांब क्रँकशाफ्ट मोडायला लागले. रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइस आणि फ्रेडरिक लँचेस्टर या दोघांनीही त्यावर उपाय शोधले. लँचेस्टर यांनी १९१० मध्ये डॅम्परचं पेटंट घेतलं. आज बहुतेक गाड्यांत त्याची रबराची आवृत्ती दिसते. मध्ये एक हब, त्याभोवती रबराची कडी आणि त्यावर लोखंडाची जड कडी. दांडा पिळला की बाहेरची कडी थोडी मागे राहते, रबर ताणलं जातं आणि कंपनाची ताकद उष्णता होऊन विरते. कडीचं वजन आणि रबराचा कडकपणा त्या-त्या क्रँकशाफ्टच्या लयीप्रमाणे ठरवलेला असतो. तबल्याच्या पुडीवरची शाई जशी उगीच चढवलेलं वजन नसते, तसंच हे.

एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू का पडत नाही?

फोर्डच्या जुन्या ५.० लिटर व्ही-८ मस्टँगमध्ये डॅम्पर वेगळा आणि त्याच्यावर बोल्टने बसवलेली पुली वेगळी. तिथे लोक वर्षानुवर्षं लहान किंवा हलक्या पुल्या लावत आले आहेत, कारण डॅम्पर जागच्या जागी राहतो. बऱ्याच जपानी आणि युरोपियन गाड्यांत मात्र पुली आणि डॅम्पर हा एकच भाग असतो. बेल्टच्या खाचाच त्या जड कडीवर कोरलेल्या असतात. तिथे अखंड ॲल्युमिनियमची पुली लावली की वजनाबरोबर डॅम्परही गेला.

त्या मस्टँगच्या इंजिनात आणखी एक गोम आहे. क्रँकशाफ्टचा तोल साधणारं काही वजन डॅम्परवरच ठेवलेलं असतं. तिथे डॅम्परच काढून साधी कडी लावली तर पीळ राहू द्या, आधी तोलच जाईल.

इंजिनाची रचनाही महत्त्वाची. चार सिलिंडरचा क्रँकशाफ्ट आखूड आणि ताठ असतो. काही छोट्या इंजिनांना तर कारखान्यातूनच रबर नसलेली साधी पुली येते. तिथे हलकी पुली लावून बिघडण्यासारखं फार काही नसतं. एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाचा दांडा मात्र लांब असतो आणि जास्त पिळतो. बीएमडब्ल्यूची सरळ सहा सिलिंडरची इंजिनं, टोयोटा सुप्राचं २जेझेड, आखाती देशांत वाळूवर पळवण्यासाठी ताकद वाढवून घेतात ते निसान पेट्रोलचं ४.८ लिटरचं टीबी४८, ही सगळी याच घराण्यातली. त्यांचा डॅम्पर काढणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

नुकसान नेमकं कुठे होतं?

क्रँकशाफ्ट दुसऱ्या दिवशी मोडत नाही. म्हणूनच 'मी पन्नास हजार मैल चालवली, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतात आणि ते खोटंही बोलत नसतात. धातूचा थकवा हळूहळू साचतो. गाडी शहरात सौम्य वेगानं चालत असेल, तर इंजिन त्या धोक्याच्या वेगाला क्वचितच पोचतं. ट्रॅकवर तासन्‌तास सात हजार फेऱ्यांवर धरलं, तर हिशेब वेगळा.

पहिला मार पुढच्या टोकाला बसतो, कारण सगळ्यात जास्त पीळ तिथे असतो. पुलीचा बोल्ट सैल होतो, चावीची खाच झिजते. अनेक जपानी इंजिनांत तेलाचा पंप थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसवलेला असतो. त्यातली चक्रं धातूची पूड दाबून बनवलेली, म्हणजे कठीण पण ठिसूळ. कंपनानं त्यांना तडा गेला की तेलाचा दाब जातो आणि बेअरिंगं काही क्षणांत जळतात. उघडल्यावर सगळे म्हणतात 'बेअरिंग गेलं'. पुलीचं नावही कुणी घेत नाही.

आणि मिळतं काय?

समजा पुलीचं वजन दीड किलोनं घटलं. पुली लहान असते, त्रिज्या फार तर सात सेंटिमीटर. त्यामुळे फिरत्या वजनात पडणारा फरक फ्लायव्हीलच्या मानानं किरकोळ. पहिल्या गिअरमध्ये त्याचा परिणाम गाडीतून सुमारे दहा किलो वजन उतरवल्याइतका होतो. वरच्या गिअरमध्ये तर जेमतेम किलोभर. भारतातून येताना आणलेली २३ किलोची एक बॅग डिकीतून काढली तर फायदा याहून जास्त, तोही फुकट!

मग जाहिरातीतले हॉर्सपॉवर कुठून येतात? काही डायनो यंत्रं जड ड्रम किती झपाट्यानं वेग घेतो यावरून ताकद मोजतात. फिरते भाग हलके झाले की आकडा थोडा वर दिसतो. पण एकाच स्थिर वेगाला इंजिन चाकांना जी ताकद देतं, ती हलकेपणानं वाढत नाही.

पुली आकारानंही लहान असेल, तर आल्टरनेटर, वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर हळू फिरतात आणि त्यांच्यावर खर्च होणारी थोडी ताकद वाचते. पण त्याची किंमत सिग्नलला उभं राहिल्यावर कळते. शिकागोच्या जानेवारीत हीटर, दिवे आणि गरम सीट एकदम चालू असताना बॅटरी नीट चार्ज होत नाही. दुबईच्या जुलैमध्ये एसी मान टाकतो.

मग करायचं काय?

आधी मूळ पुली नीट बघा. हब आणि कडी यांच्यामध्ये रबराची काळी रेघ दिसली, तर तिच्या जागी अखंड पुली लावू नका. ताकद वाढवलेल्या इंजिनासाठी खास डॅम्पर मिळतात. त्यांत रबराचे असतात, तसे घट्ट सिलिकॉन द्रव भरलेलेही असतात. ते हलके नसतात, आणि नसायलाच हवेत. पैसे खर्चच करायचे तर तिथे करावेत.

जुनी गाडी घेतलेल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मूळ डॅम्परचं रबरही म्हातारं होतं. त्याला भेगा पडल्या, पुली डगमगताना दिसली किंवा बाहेरची कडी सरकून टायमिंगची खूण जागेवर राहिली नाही, तर डॅम्पर बदलून घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

कागदपत्रांकडेही बघा. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा सुटा भाग लावला म्हणून कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर तेवढ्या दुरुस्तीचा खर्च ती नाकारू शकते. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो.

इंजिनातला प्रत्येक जड भाग आळशी नसतो. काही भाग जड असतात, कारण जड असणं हेच त्यांचं काम असतं. गाडी हलकी करायची हौस असेल तर जरूर करा, फक्त सुरुवात डिकीपासून करा.