कारवीचं फूल आणि चार ओळींचं लेबल



वहीत पिंपळपान जपून ठेवलं नाही असं मूल क्वचितच सापडेल. पण वर्षभराने तेच पान हातात देऊन विचारा, "हे कुठलं रे? कधी आणलंस?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. वहीतलं पान आणि हर्बेरियममधला नमुना यांत खरा फरक इथेच आहे.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. फुलापानांसह फांदी कागदांत दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खाली लेबल लावतात. त्यावर वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि नमुना गोळा करणाऱ्याचं नाव असतं. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तोही लिहून ठेवायचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात असा मोठा संग्रह आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचं नाव त्याला दिलेलं आहे.

लेबल इतकं महत्त्वाचं का? आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी बघा. तिची जांभळी फुलं इथे २००८, २०१६ आणि २०२४ साली डोंगरभर फुलली. बी धरलं की झुडूप मरतं. समजा, लेबलवर नुसतं "कारवी, सप्टेंबर" लिहिलंय, तर काहीच कळणार नाही. साल लिहिलेली तीन लेबलं शेजारी ठेवली, की मुलं वजाबाकी करून स्वतःच सांगतील: दर आठ वर्षांनी! म्हणजे पुढचा बहर २०३२ च्या सुमारास. सगळ्या डोंगरांवर कारवी एकाच वर्षी फुलत नाही, म्हणून ठिकाणही तितकंच गरजेचं.

आता वर्गात किंवा घरी काय करता येईल? उद्यानातलं फूल तोडायला कायद्याने बंदी आहे. तिथे फक्त फोटो काढा आणि त्याला लेबल लावा. दाबून वाळवायला सोसायटीच्या आवारात उगवलेला टाकळा पुरे. वर्तमानपत्रात ठेवा, वर जड पुस्तकं रचा आणि कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. लेबल मात्र मुलालाच लिहू द्या, तेही त्याच दिवशी.

२०२४ साली दुसरीत असलेलं मूल २०३२ मध्ये दहावीत असेल. तेव्हा कारवी पुन्हा फुलली, तर त्याच्याकडे पडताळून पाहायला स्वतःच्या हातची नोंद असेल. ती आजच करून घेऊया ना?