गांवच्या पाण्याचा ताळेबंद

दुष्काळ केवळ आभाळांतून येत नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा आहे तो खोल कूपनलिका खोदतो आणि शेजारच्या गरिबाची विहीर आटते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें हें ओळखलें. १९९० नंतरच्या दशकांत सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें ग्रामस्थांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले. परंतु खरें मर्म पुढेंच आहे. पावसाळा सरला कीं गांव पडलेल्या पावसाचा हिशेब मांडतें. माणसें व गुरें यांचें पिण्याचें पाणी प्रथम राखून ठेवितें आणि उरलेल्या पाण्यावरून पिकें ठरवितें. शेतीसाठीं कूपनलिका नको, ऊंसही नको, असा निर्बंध गांवानें स्वतःच घातला. पृथ्वीचें तापमान वाढत असतां पाऊस अधिकच लहरी होत आहे. अशा काळीं बागायतदाराच्या पिकाआधीं भूमिहीनाच्या घागरीला मान देणारें गांवच तग धरील.