येळवस लिहू द्या, मग वेलांटी बघा

तिसरीच्या वर्गात ‘माझा आवडता सण’ म्हटलं की फळ्यावरची दिवाळी पस्तीस वह्यांत जशीच्या तशी उतरते. शिरूर अनंतपाळच्या शिवारात मात्र मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते: कडब्याची कोप, त्यात पांडवांची पूजा, बिंदगीतलं आंबील, भज्जी, उंडे. हे सारं पोराच्या जिभेवर असतं, कागदावर कधी येत नाही. फळ्यावरून उतरवून घेताना हात चालतो. काय आधी सांगायचं, काय सोडायचं, हे ठरवण्याचं काम मात्र होतच नाही, आणि लेखन म्हणजे मुख्यतः तेच काम. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा मुलांच्या अनुभवालाच शिक्षणात मोठं स्थान दिलं.

पालक विचारतात, ‘आई भज्जी करायलीय’ असं लिहिलं तर परीक्षेत कसं चालेल? काळजी रास्त आहे. प्रमाण मराठी यायलाच हवी. पण ‘करायलीय’चं ‘करत आहे’ करायला आधी वाक्य तर हवं! पहिल्या खर्ड्यात लाल पेन नको. मूल मोठ्यानं वाचेल, ‘कोपीत कोण कोण होतं?’ असं आपण विचारायचं, त्यानं भर घालायची. दुसऱ्या खर्ड्यात एकाच प्रकारच्या चुका बघायच्या, समजा फक्त ऱ्हस्व-दीर्घ. पानभर लाल खुणा झाल्या की पोरगं पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं, तीही पाठ असलेल्या.