कोण काय म्हणाले, हे आधी की नंतर?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्यात आजही उन्हाळ्यात भरते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिची बातमी येते ती ठरलेल्या घडणीची. आधी वक्त्याचे विधान, मग स्वल्पविराम, आणि शेवटी ‘असे प्रतिपादन त्यांनी केले’. वाचताना आपल्याला त्यात काही वेगळे जाणवत नाही. पण याच शहरातला विद्यार्थी इंग्रजीत प्रबंध लिहायला बसला, आधीच्या अभ्यासकांची मते मांडू लागला, की नेमका इथे अडतो. शब्द येत असतात, क्रियापदेही पाठ असतात, तरी वाक्य बसत नाही. मला वाटते, हा क्रमाचा प्रश्न आहे.

आपले वाक्य कसे चालते

‘उद्या पाऊस पडेल, असे तिने सांगितले’ यातल्या पहिल्या भागाला आपल्या व्याकरणात नामवाक्य म्हणतात. अख्खे वाक्यच तिथे नामाचे काम करते. ते मुख्य वाक्याला जोडणारे की, म्हणून, म्हणजे, जे हे शब्द शाळेत ‘स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये’ या नावाने शिकवले जातात. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या परंपरेतली ही परिभाषा आहे.

यातला ‘की’ फारसीतून आला. तो नामवाक्याच्या आधी बसतो, म्हणून इंग्रजी ‘दॅट’ त्याच्यासारखा वाटतो. ‘असे’ आणि ‘म्हणून’ मात्र विधान संपल्यावर येतात, जसा संस्कृतात ‘इति’ येतो किंवा शेजारच्या कन्नडात ‘एंदु’. ‘येतो म्हणून सांगून गेला’ हे वाक्य ऐकताना येण्याची गोष्ट आधी कळते, सांगणे मागून कळते.

इंग्रजीत ‘दॅट’ असलेल्या वाक्यात हे चालत नाही. कोण बोलले, कसे बोलले, हे आधी लिहायचे, मग ‘दॅट’, मग मजकूर. मराठी लेखकाला शेवटपर्यंत हातात ठेवता येणारा निर्णय इंग्रजीत पहिल्या दोन-तीन शब्दांतच घ्यावा लागतो. १८८१ च्या जानेवारीत पुण्यातून २ तारखेला इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ तारखेला मराठी ‘केसरी’ निघाला. एकच मंडळी दोन्हींमागे होती, आणि एकाच घटनेची बातमी देताना त्यांना वाक्याची ही दोन्ही टोके सांभाळावी लागत असणार.

‘असे’ बदलते, ‘दॅट’ बदलत नाही

मराठीत आपण बहुधा नाम वापरून कथन करतो: असा आरोप, अशी कबुली, असे प्रतिपादन. शिवाय असा इशारा, अशी मागणी, अशी ग्वाही, अशी खंत. नामाच्या लिंगाप्रमाणे ‘असे’ बदलत जाते. इंग्रजीत ‘दॅट’ जसाच्या तसा राहतो आणि सगळा भार क्रियापदावर येतो. आरोपाला ‘अलेज’, कबुलीला ‘ॲडमिट’, इशाऱ्याला ‘वॉर्न’, ग्वाहीला ‘अ‍ॅशुअर’. प्रतिपादनाला ‘आर्ग्यू’ हा शब्द चपखल आहे. पण आपल्याकडे त्याचा अर्थ भांडणे असा पक्का झाला आहे, त्यामुळे विद्यार्थी तो टाळतात आणि पानभर ‘सेज दॅट’ लिहीत सुटतात.

क्रियापद म्हणजे आपली साक्ष

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘पॉइंट आउट’, ‘शो’, ‘ॲडमिट’ ही क्रियापदे वापरली की पुढचे विधान खरे आहे, याला लिहिणाराही दुजोरा देतो. ‘क्लेम’ आणि ‘अलेज’ वापरले की तो हात राखून बोलतो, क्वचित शंकाही सुचवतो. ‘आर्ग्यू’ आणि ‘मेंटेन’ या दोहोंच्या मध्ये बसतात. मत त्या अभ्यासकाचे, मी ते फक्त मांडतो आहे.

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. हे सांगताना कुणी ‘क्लेम’ लिहिले, तर पुणेकर वाचक चमकेलच. त्या पुराच्या खुणा शहराच्या आठवणीत अजून आहेत. पण धरण का फुटले, याबद्दल कुणा एकाचे मत देताना ‘शो’ लिहिणे तितकेच चुकीचे, कारण मग ते मत तुम्हीच सिद्ध मानले असे होते. तिथे ‘आर्ग्यू’ हवे. एका शब्दाची निवड आहे, पण वाचकाला फसवायचे नसेल तर ती विचारपूर्वकच केली पाहिजे.

माणूस कुठे बसवायचा

‘त्यांनी कळवले की सभा रद्द झाली’. मराठीत कुणाला कळवले ते सांगितले नाही तरी वाक्य पुरे होते. म्हणून आपल्या कार्यालयीन पत्रांत ‘इन्फॉर्म्ड दॅट’ सर्रास दिसते. इंग्रजीत ‘इन्फॉर्म’, ‘टेल’, ‘रिमाइंड’, ‘कन्व्हिन्स’ या क्रियापदांना कर्तरी वाक्यात लगेच माणूस लागतो: ‘इन्फॉर्म्ड अस दॅट’. उलट ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’ यांना माणूस थेट चालत नाही, मध्ये ‘टू’ घालावा लागतो: ‘एक्स्प्लेन्ड टू अस दॅट’. ‘डिस्कस’ आणि ‘डिस्क्राइब’ यांच्यापुढे तर ‘दॅट’ येतच नाही. तिथे नाम द्यावे किंवा ‘हाउ’ने वाक्य सुरू करावे.

करावे, असे सुचवले

इथे मात्र मराठीचा कान मदतीला येतो. ‘रस्ता बंद करावा, असे समितीने सुचवले’ यातले ‘करावा’ हे विध्यर्थी रूप आहे. इंग्रजीतही ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘डिमांड’ यांच्यानंतर सूचना असेल, तर क्रियापद मूळ रूपात ठेवतात: ‘दॅट द रोड बी क्लोज्ड’. हा ‘बी’ विद्यार्थ्यांना छापखान्याची चूक वाटतो. ‘करावा’ डोळ्यांसमोर ठेवला, की तो पटतो.

काळ, स्वल्पविराम आणि गाळलेला ‘दॅट’

‘मी येतो, असे तो म्हणाला’ यात बोलणाऱ्याचा ‘मी’ही टिकतो आणि ‘येतो’ही. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असले, की आतला ‘मी’ ‘ही’ होतो आणि काळ सहसा एक पायरी मागे सरकतो. पुस्तकातल्या मताबद्दल लिहिताना मात्र वर्तमानकाळ चालतो. दामले आज नाहीत, तरी ‘दामले आर्ग्यूज दॅट’ लिहिता येते.

‘असे’च्या आधी स्वल्पविराम देण्याची सवय आपण इंग्रजीतही नेतो. तिथे ‘सेड’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये तो नको, ‘दॅट’नंतरही नको.

बोलताना ‘दॅट’ गाळला तरी काही बिघडत नाही. लेखनात तो ठेवावा, विशेषतः मध्ये दिवस किंवा जागा आली तर. ‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे द ब्रिज वुड ओपन’ हे वाक्य पाहा. ‘मंडे’नंतर ‘दॅट’ ठेवला, तर मंत्री सोमवारी बोलले. ‘सेड’नंतर ठेवला, तर पूल सोमवारी खुला होणार.