साळिंदर नदीकाठचे वर्ष

विद्यार्थी मित्रांनो, वही-पेन्सिल जवळ असेल तर एका लहानशा गणिताने सुरुवात करू. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती उंच असतो? नव्वदातून आपल्या गावाचे अक्षांश वजा करायचे, आणि आलेल्या उत्तरातून आणखी साडेतेवीस वजा करायचे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, म्हणून उत्तर येते ४८ अंश. आता हेच गणित ६७.६ उत्तर अक्षांशावरच्या एका गावासाठी करून पाहा. उत्तर आले उणे एक! म्हणजे ऐन दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या एक अंश खालीच. गणित चुकलेले नाही. त्या गावात त्या दिवशी सूर्य खरोखरच उगवत नाही.

या गावाचे नाव ओल्ड क्रो. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा प्रदेश आहे, त्याच्याही अगदी उत्तरेला, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे हे गाव वसलेले आहे. वस्ती जेमतेम अडीचशे. क्रो आणि पॉर्क्युपाइन या दोन नद्यांचा येथे संगम होतो. पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर, तेव्हा आपण तिला साळिंदर नदी म्हणायला हरकत नाही. गावात राहणारे लोक वुन्टुट ग्विचिन, म्हणजे ‘तळ्यांचे लोक’. हे तिथले मूळ रहिवासी. त्यांचे पूर्वज हजारो वर्षे याच मुलखात ऋतूंप्रमाणे मुक्काम हलवीत राहिले. आजचे गाव मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. १९११ मध्ये जवळच्या एका वस्तीत देवीची साथ आली, त्यानंतर लोक संगमाजवळ येऊन स्थिरावले. गावाचे नाव ग्विचिनांच्या एका जुन्या प्रमुखावरून पडले.

ओल्ड क्रोला बारमाही रस्ता नाही. प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्स सुमारे ८०० किलोमीटर दूर, आणि तेथून येते ते विमान. पीठ, साखर, औषधे, टपाल, पाहुणे, सारे विमानाने. फार काय, वीज निर्माण करायला लागणारे डिझेलसुद्धा विमानातून उतरते! मग दुकानातल्या वस्तूंचे भाव काय असतील याची कल्पना तुम्हीच करा. गावातली शाळा नववीपर्यंत. पुढे शिकायचे तर पंधराव्या वर्षी घर सोडून व्हाइटहॉर्सला जाऊन राहावे लागते.

पुन्हा सूर्याकडे वळू. डिसेंबरात सूर्य एक अंश खाली, तर त्याच हिशेबाने २१ जूनच्या मध्यरात्री तो एक अंश वर असायला हवा, आणि तसा तो असतोही. मग हिवाळ्यात जितके दिवस सूर्य दिसत नाही, तितकेच दिवस उन्हाळ्यात तो मावळत नाही असे होईल का? सूर्य केवळ एक बिंदू असता आणि पृथ्वीला वातावरण नसते, तर दोन्हीकडे जवळजवळ पाच-पाच आठवडे आले असते. प्रत्यक्षात सपाट क्षितिज धरले तर सूर्यहीन दिवस भरतात सुमारे दोन आठवडे, आणि न मावळत्या सूर्याचे दिवस सुमारे सात आठवडे! वातावरणातील वक्रीभवनामुळे क्षितिजाजवळचा सूर्य अर्ध्या अंशाहून थोडा अधिक उचललेला दिसतो. शिवाय बिंबाची नुसती वरची कड दिसली तरी आपण सूर्य उगवला म्हणतो. एवढ्याशा फरकाने आठवड्यांचे दान पदरात पडते. शिक्षकांनी वर्गात सूर्याच्या क्रांतीचे कोष्टक देऊन मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे.

आता, सूर्य नाही म्हणजे मिट्ट काळोख असे मात्र समजू नका. दुपारी सूर्य क्षितिजाच्या किंचितच खाली असल्याने काही तास निळसर-गुलाबी संधिप्रकाश पसरतो. लोक तेवढ्यात बाहेरची कामे उरकून घेतात. मुख्य काम लाकडाचे. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची लाकडे नदीकाठाहून आणि रानातून तोडून आणायची. पूर्वी ती कुत्र्यांच्या गाडीवरून येत, आता बर्फावर धावणाऱ्या मोटारगाडीमागे घसरगाडी जोडून येतात. थंडी उणे ४० पर्यंत सहज उतरते. (उणे ४० सेल्सिअस की फॅरनहाइट, असे विचारू नका, त्या अंकावर दोन्ही मापे एकच होतात. पडताळून पाहा.) अशा निवांत दिवशी गावातल्या धुराड्यांकडे पाहिले तर गंमत दिसते. धूर सरळ वर चढतो आणि थोड्या उंचीवर जाऊन अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. एरवी वर जावे तशी हवा थंड होत जाते. येथे दरीच्या तळाशी गार, जड हवा साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात.

मऊ बर्फावरून चालायला बर्फपादुका हव्यात. लाकडाची लांबट चौकट आणि तिच्यात कॅरिबूच्या कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी. साठ किलो वजनाचा माणूस एका पावलावर उभा राहिला, आणि पाऊल दोनशे चौरस सेंटिमीटरचे धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार येतो. बर्फपादुकेचे क्षेत्रफळ दहापट असेल तर भार उरतो ३० ग्रॅम. तुम्ही पाठ केलेले दाबाचे सूत्र हेच.

मार्च-एप्रिलकडे दिवस झपाट्याने मोठा होतो. ईस्टरच्या सुमारास गावात जत्रा भरते. बर्फपादुकांच्या शर्यती, कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती, नाच, मेजवान्या. मग पुष्कळ कुटुंबे उत्तरेच्या तळ्यांच्या पठारावर मुक्कामाला जात. ‘ओल्ड क्रो फ्लॅट्स’ नावाच्या या सपाट प्रदेशात दोन हजारांहून अधिक तळी आहेत, आणि १९८२ पासून त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना होते. तेथे मस्करॅट नावाचा, उंदराच्या जातीचा पण मांजरीएवढा भासणारा पाणप्राणी राहतो. तळे गोठू लागले की तो बर्फात भोक पाडतो आणि त्यावर पाणवनस्पतींचा ढीग रचतो. ढिगाखाली भोक गोठत नाही. बर्फाखाली पोहता पोहता तेथे येऊन तो श्वास घेतो, खातो. शिकारी हेच ढीग शोधतात. मांस जेवणात आणि कातडी बाजारात. कातड्यांना भाव होता तेव्हा वर्षाची रोकड बरीचशी या तळ्यांवरच मिळे. आता भाव गेला, आणि तिकडे जाणारी कुटुंबेही कमी झाली.

पण तळ्यांपुढे त्याहून मोठे संकट उभे आहे. येथील जमीन वरचा पातळ थर सोडला तर बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वितळलेले पाणी खाली झिरपू शकत नाही, म्हणून तर एवढी तळी. जमिनीतला हा बर्फ वितळला तर? तळ्याचा काठ एखाद्या ठिकाणी खचतो आणि पाणी वाट फोडून निघून जाते. २००७ च्या उन्हाळ्यात झेल्मा नावाच्या मोठ्या तळ्याचे असेच झाले. बहुतेक पाणी थोड्याच काळात वाहून गेले आणि मागे उरला चिखलाचा तळ, त्यावर पुढे झुडपे उगवली. ज्या लोकांचे नावच ‘तळ्यांचे लोक’ त्यांना हे पाहून काय वाटले असेल? मे २०१९ मध्ये या छोट्या गावाने हवामानाची आणीबाणी जाहीर केली.

मे महिन्यात नदी फुटते. बर्फाचे प्रचंड तुकडे एकमेकांवर आदळत, गडगडाट करीत वाहू लागतात आणि सारे गाव काठावर येऊन उभे राहते. काही दिवसांत होड्या पाण्यात उतरतात. मग उन्हाळा! मध्यरात्री मुले खेळत असतात. डासांचा उपद्रव मात्र असा की आपल्याकडचे डास सभ्य वाटावेत. २०२१ पासून गावाने या अखंड उन्हाला कामाला लावले आहे. ९४० किलोवॅटचे सौर वीजकेंद्र उभारले असून त्यामुळे वर्षाला सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचावे असा हिशेब आहे. भर उन्हाळ्यात डिझेलची धडधड बंद ठेवता येते. अर्थात जेव्हा विजेची गरज सर्वांत जास्त, त्या डिसेंबरात सूर्य रजेवर! म्हणून डिझेलची विमाने अजून यावीच लागतात.

जुलैपासून सॅमन माशांची वाट पाहायची. हे मासे बेरिंग समुद्रातून निघून युकॉन नदीतून आणि मग साळिंदर नदीतून दोन हजारांहून अधिक किलोमीटर उलटे पोहत, जन्मले त्या पाण्यात अंडी घालायला येतात. या नदीच्या एका उपनदीत जमिनीखालून येणारे पाणी ऐन थंडीतही गोठत नाही. तेथे उशिरापर्यंत मासे असतात, आणि ते खायला येणाऱ्या अस्वलांच्या ओल्या केसांवर बर्फाच्या लोलकांची झालर लटकते. पूर्वी मासे वाळवून माणसांची आणि कुत्र्यांची हिवाळ्याची बेगमी होई. अलीकडे सॅमन इतके घटले की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी युकॉन नदीतील किंग सॅमनची मासेमारी सात वर्षे थांबवण्याचा करार केला. सात वर्षे म्हणजे तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा पंधराचा होईपर्यंत. जाळे कसे टाकावे, मासा कसा चिरून वाळवावा, हे त्याला मग शिकवायचे कशावर?

आणि आता ज्याच्याभोवती हे सारे वर्ष फिरते तो प्राणी, कॅरिबू. ग्विचिन भाषेत वाड्झाय. रेनडिअर आणि कॅरिबू एकाच जातीचे. शिंगे मादीलाही असतात. मोठ्या नराची शिंगे हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात, पण गाभण मादीची विण्याच्या वेळेपर्यंत टिकतात. बर्फ उकरून केलेल्या खड्ड्यातला चारा राखायला तिला ती उपयोगी पडतात. हा चारा बराचसा दगडफुलाच्या भाऊबंदांचा. आईच्या गोड्या मसाल्याच्या डब्यात जे दगडफूल असते, त्याच शैवाक वर्गातली वनस्पती खाऊन हा प्राणी हिवाळा काढतो. केस आतून पोकळ, त्यामुळे ऊबही राहते आणि नदी पोहताना तो पाण्यावर तरंगतो. त्याच्या पायाकडे पाहा. थंडीत आपल्या घरचे खोबरेल तेल बाटलीत घट्ट होते, शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते. दोन्ही तेलांचा गोठणबिंदू वेगळा. कॅरिबूच्या अंगातली चरबी घट्ट, पण खुरांजवळच्या हाडांतला मगज कमी तापमानालाही मऊ राहतो, कारण तेथपर्यंत शरीराची ऊब फारशी पोचतच नाही. कळप चालू लागला की टक-टक असा आवाज येतो. तो खुरांचा नव्हे, पायातल्या हाडावरून घसरणाऱ्या स्नायुबंधाचा.

हा पॉर्क्युपाइन कळप वसंतात उत्तरेकडे निघतो आणि जूनच्या आरंभी अलास्काच्या किनारपट्टीवर वितो. तेथे नुकते कोवळे गवत फुटलेले असते, लांडगे-अस्वले कमी, आणि समुद्रवाऱ्यामुळे डासही जरा दूर. जुलैत डास इतके छळतात की हजारो जनावरे अंगाला अंग भिडवून गोळा होतात. शास्त्रज्ञांना ही पर्वणीच. विमानातून छायाचित्रे घेऊन ते डोकी मोजतात. १९८९ मध्ये सुमारे १,७८,००० भरली, २००१ मध्ये १,२३,०००, तर २०१७ मध्ये २,१८,०००. असा चढउतार चालतो.

याच किनारपट्टीखाली खनिज तेल असावे असा अंदाज आहे, आणि कित्येक वर्षे वाद चालू आहे. कळपाच्या रक्षणासाठी कॅनडा आणि अमेरिका यांनी १९८७ मध्ये करार केला. २०१७ मध्ये अमेरिकेने कायदा करून तेथे तेलासाठी जमीन देण्याचा मार्ग खुला केला. जानेवारी २०२१ मध्ये पहिला लिलाव झाला, जानेवारी २०२५ मधल्या दुसऱ्या लिलावात कोणीही बोली लावली नाही. वाद अजून मिटलेला नाही. ओल्ड क्रोतील माणसे हजारो मैल प्रवास करून वॉशिंग्टनला जातात आणि सांगतात की तिथे खोदू नका, ती विण्याची जागा आहे. डिझेल विमानाने आणून जाळणाऱ्या गावाने तेल नको म्हणावे, हे कोणाला विसंगत वाटेल. पण विमान चुकले तर आठवडाभर अडचण होते, कळप चुकला तर वर्ष जाते.

तो येतो ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात. टेकड्या लाल-पिवळ्या झालेल्या असतात. कोणीतरी डोंगरावरून दुर्बिणीने पाहून बातमी आणतो, आणि गाव होड्या घेऊन नदीवर निघते. जुना दंडक असा की पुढची जनावरे जाऊ द्यायची, त्यांच्यावर गोळी झाडायची नाही. त्यांनी एकदा नदी ओलांडली की मागचा कळप त्याच वाटेने येतो. पुढची बिचकली तर सगळेच दुसरीकडे वळतील. मारलेल्या जनावराचे काही वाया जात नाही. मांस वाळते, हाडे फोडून मगज काढतात, कातडे मेंदू चोळून कमावतात, पाठीच्या स्नायुबंधाचा दोरा होतो. म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या घरी वाटा आधी पोचवतात.

या साऱ्या गोष्टी जगाला कशा कळल्या? गावात ईडिथ जोसी नावाच्या बाई होत्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे चाळीस वर्षे त्यांनी व्हाइटहॉर्सच्या वृत्तपत्राला गावची बातमीपत्रे पाठवली. कोण तळ्यांवर गेले, किती कॅरिबू आले, थंडी किती पडली, विमान आले की नाही, एवढेच, आपल्या मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत. संपादकांनी ती भाषा न सुधारता छापली हे त्यांचे शहाणपण. १९९५ मध्ये बाईंना कॅनडाचा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१० मध्ये त्या वारल्या. बर्फ कधी फुटले, कळप कधी आला, याच्या अशा नोंदी आज शास्त्रज्ञांनाही मोलाच्या वाटतात. तुमच्या गावात पहिला पाऊस कधी पडला, आंब्याला मोहोर कधी आला, हे कोणी लिहून ठेवते का?

ऑक्टोबरात नदीच्या कडेने बर्फाची पातळ पापडी धरू लागते. होडी चालवायला पाणी उरलेले नसते आणि गाडी चालवायला बर्फ पुरेसा जाड झालेला नसतो. त्या काही आठवड्यांत माणसे बहुधा घरीच असतात. बर्फपादुकांच्या तुटलेल्या वाद्या बदलतात, जाळी दुरुस्त करतात, आणि नदीवर पहिल्यांदा कोण चालून जातो याची वाट पाहतात.