घरी लिहिलेली तबकडी आणि ती वाचणारे यंत्र

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण एका तबकडीवर उतरवून घेतले जाते. संगणकावर ही तबकडी विनातक्रार चालते. परंतु दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ती घातली की, यंत्र काही क्षण घरघरते आणि तबकडी बाहेर ढकलून देते. शेजारच्या घरातील प्लेअर मात्र तीच तबकडी सुरळीत दाखवितो. मग दोष तबकडीचा मानावयाचा की यंत्राचा? पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात. त्यांचा परस्परांशी मेळ तेवढा बसलेला नसतो. हा मेळ कशावर अवलंबून असतो, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

डीव्हीडी प्लेअर प्रथम १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीस आले. त्यांच्यासाठी कारखान्यात तयार होणारी तबकडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या आत सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेषा दाबून उमटविलेली असते. सर्वांत लहान खळग्याची लांबी ०.४ मायक्रोमीटर, तर रेषेच्या लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते. ही रेषा उलगडून सरळ केली, तर तिची लांबी सुमारे १२ किलोमीटर भरेल. खळग्यांवर धातूचा चकचकीत मुलामा असतो. प्लेअरमधील ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर किरण या रेषेवरून फिरतो. सपाट भागावरून प्रकाश भरपूर परत येतो, खळग्यावरून कमी येतो. या चढउतारातूनच यंत्र चित्र आणि ध्वनी यांची पुनर्रचना करते. म्हणजे प्लेअरला खळगे दिसत नाहीत; त्याला केवळ परतणाऱ्या प्रकाशाचे कमीअधिक प्रमाण कळते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडत नाही.

घरी लिहावयाच्या कोऱ्या तबकडीत खळगे नसतात. तिच्यात किरणाला मार्ग दाखविणारी एक सर्पिल खाच आणि तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. रेकॉर्डरचा प्रखर किरण ज्या ठिकाणी पडतो, तेथील रंगद्रव्य उष्णतेने कायमचे बदलते आणि तेथून प्रकाश कमी परत येऊ लागतो. खळगा नसूनही प्लेअरला खळग्याचा भास होतो आणि वाचन साधते. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. त्याची स्फटिकमय अवस्था अधिक प्रकाश परत पाठविते, अस्फटिक अवस्था कमी. उष्णतेच्या योगाने या अवस्था पालटता येतात.

आता आकडे पाहू. एकपदरी छापील डीव्हीडीवरून पडलेल्या प्रकाशापैकी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो आणि एकदाच लिहिता येणारी तबकडी या मर्यादेत बसते. पुनर्लेखनाच्या तबकडीवरून मात्र केवळ १८ ते ३० टक्के प्रकाश परततो. दोन पदरांच्या छापील तबकडीचे परावर्तनही एवढेच असते. त्यामुळे काही जुने प्लेअर पुनर्लेखनाच्या तबकडीला दुपदरी समजत, तिच्यात नसलेला दुसरा पदर शोधीत राहत आणि अखेर तिचा नाद सोडून देत.

याच जातीची अडचण त्यापूर्वी सीडीच्या बाबतीतही आली होती. सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण वापरला जातो आणि घरी लिहावयाच्या सीडीतील रंगद्रव्य त्या किरणासाठीच निवडलेले असते. डीव्हीडीच्या तांबड्या किरणाला ते पुरेसे परावर्तित करीत नाही. म्हणून केवळ तांबडा किरण असलेले आरंभीचे काही प्लेअर छापील सीडी वाचीत, पण घरी लिहिलेली सीडी त्यांना कोरीच भासे. पुढे प्लेअरमध्ये ७८० नॅनोमीटरचा दुसरा लेझर बसविण्यात आला आणि ही अडचण दूर झाली. भारतात व्हीसीडीचा प्रसार मोठा असल्याने येथील ग्राहकांना या सुधारणेचा विशेष उपयोग झाला.

परावर्तन जुळले तरी सर्व काही जुळले असे नाही. तबकड्यांच्या जातीही एकाहून अधिक आहेत. डीव्हीडी-आर ही जात १९९७ साली आली. उत्पादकांच्या दुसऱ्या गटाने २००२ साली डीव्हीडी+आर ही निराळी जात पुढे आणली. प्रत्येक तबकडीच्या आरंभभागात तिची जात सांगणारा संकेत असतो आणि अनोळखी संकेत दिसताच काही प्लेअर वाचनच नाकारीत. डीव्हीडी+आर तबकडीवर हा संकेत छापील तबकडीसारखा लिहिण्याची सोय काही रेकॉर्डरमध्ये असे.

तिसरी अट लेखन पूर्ण करण्याची. चित्रण संपल्यावर रेकॉर्डरने तबकडीच्या आरंभी व अखेरीस ठराविक नोंदी करून ती बंद करावी लागते. हे राहून गेले, तर ज्या यंत्रावर लेखन झाले तेथे तबकडी चालते, पण इतरत्र बहुधा चालत नाही. चौथी अट मांडणीची. संगणकातील चित्रफीत तशीच तबकडीवर उतरविली, तर ती फक्त साठविली जाते. साध्या प्लेअरला ती डीव्हीडीच्या ठराविक रचनेत आणि एमपेग-२ या संकेतपद्धतीत हवी असते. शिवाय भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे व ५७६ दृश्य रेषा असतात, तर अमेरिकेतील पद्धतीत जवळपास ३० चित्रे व ४८० रेषा. येथील विवाहसोहळ्याची तबकडी अमेरिकेतील आप्तांच्या प्लेअरवर दिसू नये, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

या सर्व माहितीचे महत्त्व आज वाढले आहे. एके काळी घरोघरी असलेले प्लेअर अडगळीत गेले आहेत आणि नव्या संगणकांतून तबकडीचा कप्पाही बहुतेक नाहीसा झाला आहे. लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनी कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत थांबविले. परंतु शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांत गावच्या वृद्धांच्या मुलाखती, नाट्यप्रयोग, व्याख्याने अशा तबकड्यांवर पडून आहेत. त्यांतील कित्येकांची दुसरी प्रत नाही. रंगद्रव्य प्रकाशाने, उष्णतेने आणि दमटपणाने क्षीण होते. ते किती वर्षे टिकेल, हे तबकडीच्या बाह्य रूपावरून सांगता येत नाही.

म्हणून संग्राहकांनी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. तबकडी कडांनी धरावी. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी उभी ठेवावी. तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. एका यंत्राने ती नाकारली म्हणून टाकून देऊ नये. दोन-तीन निरनिराळ्या यंत्रांवर ती घालून पाहावी. लेखन बंद करावयाचे राहिले असल्यास मूळ रेकॉर्डरच शोधावा. आणि एकदा वाचन साधले की, त्याच दिवशी त्या चित्रणाच्या दोन प्रती दोन स्वतंत्र साधनांवर करून निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. तबकडी आणि तिला ओळखणारे यंत्र ही दोन्ही हाताशी असण्याचा काळ मर्यादित आहे. तो निघून गेला, तर तबकडी शाबूत असूनही तिच्यातील आवाज आणि चेहरे पुन्हा मिळणार नाहीत.